दोष करवतीचा की पात्याचा?

आपल्या शाखेला ‘कला शाखा’ म्हणतात. त्यातला ‘कला’ हा शब्द कोणी फारसा मनावर घेत असेल असे मला वाटत नाही. तीन वर्षांत आपण इतिहास वाचतो, अर्थशास्त्राचे सिद्धान्त पाठ करतो, स्वनिम आणि रूपिम यांच्याशी झटापट करतो. पण हाताने एखादी वस्तू घडवण्याचा प्रसंग वर्षातून एकदाच येतो, तो स्नेहसंमेलनाचा. त्या चार दिवसांत नेपथ्य लागते, कमान लागते, रंगमंचावर महाविद्यालयाचे नाव लागते. आणि त्या चार दिवसांपुरती जिमखान्यामागच्या खोलीतली विजेची करवत, जिला सगळे ‘स्क्रोल सॉ’ म्हणतात ती, धूळ झटकून बाहेर काढली जाते.

यंदा ही करवत डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखित करून भंगारात द्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. कारणे तीन सांगितली जातात. पाती सारखी तुटतात, लाकूड जळते आणि काम फार सावकाश होते. त्यापेक्षा बाजारपेठेत लेझर कटिंगचे दुकान आहे, तिथे फाईल पाठवावी आणि संध्याकाळी जाळी घेऊन यावे. सूचना करणारी मंडळी माझी मित्रच आहेत. नेपथ्यासाठी त्यांनी रात्री जागवल्या आहेत, तेव्हा त्यांच्या तक्रारींना मी वरवरच्या समजत नाही. पण या तिन्ही तक्रारी करवतीच्या नाहीत. त्या पात्याच्या आणि वेगाच्या आहेत. आणि पाते कोणते व वेग किती, हे करवत ठरवत नाही, आपण ठरवतो. मला मांडायचे आहे ते एवढेच. मांडताना थोडा हिशेब करावा लागेल. वाचकांनी घाबरू नये, त्रैराशिकापलीकडे त्यात काही नाही.

माझ्या मामांचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन कारागीर आणि चार यंत्रे. सुटीत तिथे मी बरीच फळकुटे कापली आहेत, म्हणून या विषयात तोंड उघडण्याचे धाडस करतो.

प्रथम पात्याविषयी. या करवतीचे पाते पाच इंच लांबीचे असते आणि जाडीला केसाच्या चार-पाच पट. पात्यांना क्रमांक असतात. अगदी बारीक पात्यांना दोन-शून्य, एक-शून्य असे म्हणतात आणि पुढे १, २, ३, ५, ७, ९, १२ असे आकडे चढत जातात. आकडा मोठा तसे पाते रुंद आणि दात मोठे. दातांची गणना इंचाला किती अशी करतात. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण साधारणपणे दोन-शून्यच्या पात्याला इंचात २८ दात, २ क्रमांकाला २० आणि ५ क्रमांकाला साडेबारा. आपल्या खोलीतल्या डब्यात गेल्या वर्षी ही सगळी पाती एकत्र पडलेली होती, आणि ‘जे हाताला लागेल ते लावा’ हा नियम चालू होता. सगळ्या रोग्यांना एकाच बाटलीतले औषध देणारा डॉक्टर आपण चालवून घेतला नसता.

आता हिशेब. कापताना निदान तीन दात एकाच वेळी लाकडाच्या जाडीत असावेत, असा या कामातला जुना ठोकताळा आहे. तीन का? एकच दात लाकडात असेल, तर सगळा भार त्याच्यावर येतो. तो कापत नाही, ओरबाडतो. नेपथ्याच्या जाळीसाठी आपण ३ मिलिमीटरचे प्लायवूड आणतो. सुतारांच्या मापात ते जेमतेम एक सूत. ५ क्रमांकाच्या पात्यात दोन दातांमधले अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे त्या प्लायमध्ये एका वेळी दीडच दात. मग खालच्या बाजूने कुसळे निघतात, पत्रा थरथरतो, आणि थरथर दाबण्यासाठी आपण आणखी जोर लावतो. त्या जोराने पाते तुटते. तेच दोन-शून्यचे पाते लावले, तर दातांमधले अंतर मिलिमीटरच्याही आत येते आणि तीन दात सहज बसतात.

मग नेहमी बारीक पातेच का लावू नये? तिथेच दुसऱ्या तक्रारीचे मूळ आहे. गेल्या संमेलनात जुन्या सागवानी बाकांच्या फळ्यांतून नावाची अक्षरे कापली गेली. ती अक्षरे मी जवळून पाहिली आहेत. ‘म’ची आणि ‘ह’ची वळणे कोळशासारखी काळी. फळी पाऊण इंचाची, म्हणजे १८-१९ मिलिमीटर. प्लायवर चालवलेले तेच बारीक पाते तिच्यावर चालवले, तर एका वेळी वीस-एकवीस दात लाकडात अडकतात. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटी खाच असते आणि कापलेला भुसा त्या खाचेतून बाहेर पडायचा असतो. बारीक दाताची खाच टिचभर, आणि भुशाला जायचा रस्ता पाऊण इंच लांब. खाच भरली की दात लाकडाला लागतच नाही. भुसा लाकडावर घासत राहतो. घासण्याने उष्णता, उष्णतेने काळेपण. सागवानाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्या लाकडात वाळूतला सिलिका असतो, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. बोथट पाते आणि भरलेल्या खाचा, मग अक्षरे जळाली नसती तरच नवल. त्या फळीला ७ किंवा ९ क्रमांकाचे, एकाआड एक दात सोडलेले पाते हवे होते. दात सोडलेले म्हणजे तुटलेले नव्हेत. भुशाला जागा मिळावी म्हणून मुद्दाम तशी घडण केलेली असते.

जळण्याचे दुसरे कारण वेग, आणि इथे आपल्या सगळ्यांची एक ठाम समजूत आडवी येते. यंत्राला वेगाची घुंडी आहे म्हणजे ती शेवटपर्यंत फिरवायचीच, अशी ती समजूत. आपल्या करवतीचे पाते मिनिटाला ४०० ते १६०० वेळा वरखाली होते. याला मी ठोके म्हणतो. एका ठोक्यात पाते सुमारे २० मिलिमीटर खाली येते, आणि कापते ते फक्त खाली येतानाच. समजा, जाड फळीत आपला हात मिनिटाला १० सेंटिमीटर पुढे सरकतो. ४०० ठोक्यांवर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला पाव मिलिमीटर लाकूड येते. घुंडी १६०० वर नेली आणि हात तसाच राहिला, तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा हिस्सा. इतक्या थोड्या लाकडात दात रुततच नाही. तो कापण्याऐवजी घासतो, आणि पुन्हा उष्णता. वळणावर आपण हात जवळजवळ थांबवतो, पाते मात्र तितक्याच वेगाने नाचत असते. म्हणून सरळ रेघ शाबूत राहते आणि वळणे जळतात. अक्षरांच्या वळणांवरच काळेपण का होते, याचा उलगडा यातून व्हावा.

तेव्हा घुंडी फिरवण्याआधी हाताकडे पाहावे. मऊ, जाड लाकडात मोठ्या दाताचे पाते असेल आणि हात भराभर पुढे जात असेल, तर वेग खुशाल वाढवावा. शिसव, सागवान अशा कठीण लाकडात निम्म्याच्या आसपास राहावे आणि पाते बोथट होताच बदलावे. पातळ प्लायमध्ये वेग कमीच बरा, कारण तिथे रेघ चुकायला क्षणही लागत नाही. अॅक्रिलिकच्या पट्टीवर जास्त वेग लावून पाहण्याची ज्यांना हौस असेल त्यांनी ती जरूर भागवावी: ती पट्टी कापली जाते, वितळते आणि पात्याच्या मागे पुन्हा जुळून बसते. मागे वळून पाहिले तर काप नाहीच! कठीण लाकडावर कापण्यापूर्वी रेघेवरून साधी पारदर्शक चिकटपट्टी लावली, तर जळणे बरेच कमी होते. हा उपाय पार्सल बांधण्याच्या पट्टीच्या किमतीत होतो.

आता पाती तुटण्याविषयी. पाते ही खर्चाची वस्तू आहे. दुकानात ती डझनाने मिळतात, ती काही हौसेने नव्हे. वर्गात खडू मोडला म्हणून फळा निर्लेखित करण्याची सूचना आजवर कोणी केल्याचे मला माहीत नाही. तरीही अवेळी पाती तुटतात त्याला कारणे आहेत, आणि मोठे कारण म्हणजे ताण. सैल पाते लाकडात पोट काढते, काप तिरका पडतो, आणि आपण ते सरळ करण्यासाठी फळी बाजूला ढकलतो. ताण योग्य असेल, तर पाते बोटाने छेडल्यावर तारेसारखे स्वच्छ वाजते आणि बाजूने दाबल्यास सूतभर सरकते, त्याहून अधिक नाही. मामा याला ‘पाते गातंय का बघ’ असे म्हणतात. आपल्या महाविद्यालयात तंबोरा लावणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. माझ्या मते करवतीचा ताण तपासण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. दुसरे, पाते उलटे लावू नये. दातांची तोंडे खाली हवीत. बारीक पात्यात ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण कापडावरून हलकेच फिरवले तर एका दिशेने पाते अडकते आणि दुसऱ्या दिशेने सुळकन जाते, त्यावरून ओळखता येते. उलटे लावलेले पाते प्रत्येक ठोक्याला फळी वर उचलते, आणि मग ‘यंत्र उड्या मारते’ अशी चौथी तक्रार तयार होते.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण तिने नवशिक्याचा हिरमोड होतो. पुष्कळ पाती अशा रीतीने बनवलेली असतात की त्यांच्या एका बाजूला किंचित खरखरीत कड राहते. ती बाजू अधिक कापते, त्यामुळे फळी सरळ ढकलली तरी काप एका बाजूला सरकत जातो. यात हाताचा दोष नसतो. फळी थोडी तिरपी धरून ढकलण्याची सवय झाली की झाले. पाच-सहा टाकाऊ तुकड्यांत ही सवय होते. धार घासून काढलेली महाग पाती येतात, ती कमी सरकतात. पण शिकण्याच्या काळात त्यांची चैन नको.

काटकसरीचा विषय निघालाच आहे, तर एक युक्ती. पाते पाच इंचांचे असले, तरी ३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये त्याचा फक्त इंचाच्या आत-बाहेरचा भाग झिजतो: ठोक्याचे २० मिलिमीटर आणि प्लायची जाडी. वरचे दात कोरे राहतात आणि आपण पाते फेकतो. यंत्राच्या मेजावर पाऊण इंचाचे एक साधे फळकूट ठेवून त्यावर काम केले, तर तेच पाते जवळजवळ नव्या दातांनी कापू लागते. मामांच्या शेडमध्ये असे एक फळकूट खिळ्याला टांगलेले असते आणि ते फेकायला कोणाची छाती होत नाही.

राहिली तिसरी तक्रार, सावकाशीची. ती सर्वांत खरी आहे आणि तिला मी टाळणार नाही. जाळीच्या प्रत्येक भोकासाठी आधी गिरमिटाने छिद्र पाडायचे, पाते वरून सोडवायचे, छिद्रातून ओवायचे, पुन्हा ताणायचे, मग कापायचे. साठ भोकांची जाळी म्हणजे साठ वेळा ओवणे. लेझर हे सारे न ओवताच करतो, आणि त्याचा काप केसाएवढा असतो. एकाच नमुन्याचे दोनशे बिल्ले हवे असतील, तर लेझरच्याच दुकानात जावे. मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. पण नेपथ्याच्या वाड्याला आपल्याला लागतात चार जाळ्या. ३ मिलिमीटरचे चार पत्रे एकावर एक ठेवून कडांना चिकटपट्टीने घट्ट बांधले, की १२ मिलिमीटरची एकच फळी होते. ओवणे साठच वेळा, जाळ्या चार. आणि गंमत अशी की पातळ प्लायला नालायक ठरलेले ५ क्रमांकाचे पाते इथे अगदी योग्य ठरते, कारण आता सहा दात लाकडात आहेत. तळाशी एक पुठ्ठा बांधला किंवा खालचे काही दात उलट दिशेचे असलेले पाते वापरले, तर कुसळेही निघत नाहीत. प्लाय तेच, करवत तीच. बांधण्याची रीत बदलली तेव्हा पाते बदलले, आणि पाते बदलले तेव्हा वेग. हा विचार फाईल पाठवणाऱ्याला करावा लागत नाही. माझा आक्षेप लेझरला नाही, या न करण्याला आहे.

कोणी म्हणेल, बी. ए. होणाऱ्याला हा विचार करून काय मिळणार? १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असा आग्रह धरला. तो आपल्या अभ्यासक्रमात प्रश्न म्हणून येतो आणि आपण त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहितो. उत्तरपत्रिकेत ‘हात आणि बुद्धी यांचा समन्वय’ असे लिहायचे आणि महाविद्यालयातले एकमेव हत्यार भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचे, यात मला तरी समन्वय दिसत नाही. शिवाय २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तोवर आमच्या आधीच्या तुकड्या तापलेल्या तारेने थर्माकोल कापून मखर आणि कमानी उभ्या करीत. तारेला पाते निवडावे लागत नाही, धागा ओळखावा लागत नाही. ती सवय आपल्याकडे वारशाने आली असावी, आणि थर्माकोल गेले तरी ती गेलेली नाही.

भूगोल विभागातील प्राध्यापकांसाठीही माझ्याकडे एक प्रस्ताव आहे. १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे छापणाऱ्या गृहस्थाने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने तुकडे केले. मुलांनी ते जुळवून भूगोल शिकावा हा हेतू. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो त्याचा आरंभ असा वर्गातला आहे. आपल्या करवतीवर महाराष्ट्राचे ३६ जिल्हे का कापू नयेत? ६ मिलिमीटरचे प्लाय घ्यावे, २ क्रमांकाचे पाते लावावे. साडेचार-पाच दात लाकडात राहतील. वेग मध्यमाहून कमी. इथे कोणीतरी नक्की सुचवील की पीळ दिलेले गोल पाते लावा, म्हणजे फळी न फिरवता कुठल्याही दिशेला कापता येईल. ते ऐकू नये. पिळाचे पाते रुंद आणि खरखरीत काप करते. जिल्हे एकमेकांत सैल बसतील आणि बुलढाणा अकोल्यापासून सुटा होईल. साध्या पात्याने, फळी फिरवत फिरवत सीमा कापली, की गडचिरोलीची सरहद्द किती वाकडी आहे हे बोटांना कळते. नकाशावर बोट ठेवून ते कळत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न प्राचार्यांच्या मनात असणारच. विजेच्या करवतींत ही त्यातल्या त्यात सौम्य. पाते बारीक असते आणि तुटले तर बहुधा जागीच राहते. तरी डोळ्यांवर चष्मा, नाकावर रुमाल हवाच, कारण प्लायच्या भुशात डिंकही असतो. फळी दाबून धरणारा पाय काढून ठेवलेला आहे, तो पुन्हा बसवावा. आणि ओढणी, सैल बाह्या, हातातले कडे यांना खोलीबाहेर ठेवावे.

आता मागणी. करवत रजिस्टरात राहू द्यावी. दोन-शून्य, २, ५ आणि ९ या चार क्रमांकांची प्रत्येकी दोन डझन पाती घ्यावीत. आपल्या तालमींना जेवढा चहा लागतो त्याहून याचा खर्च अधिक होईल असे मला वाटत नाही. पाती वेगवेगळ्या नळकांड्यांत ठेवून वर क्रमांक लिहावा. ते काम मी करतो. डिसेंबरच्या पहिल्या दोन शनिवारी दुपारी मी त्या खोलीत असेन आणि सागवानी बाकाची जी फळी उरली आहे तिच्यातून ‘म’ आणि ‘ह’ पुन्हा कापून दाखवीन, ९ क्रमांकाच्या पात्याने, निम्म्या वेगावर. निर्लेखनाची सूचना ज्यांनी केली त्यांनी जुनी अक्षरे बरोबर आणावीत.